पाळण्याच्या उशाला ठेवलेला दगड

आमच्या न्हावऱ्यात एखाद्याची म्हैस आटली, तरी बाळासोला वाटायचं की काल आपण तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत उभे होतो. पाऊस लांबला की पारावर कुणीतरी हमखास विचारायचं, "बाळासो, काय केलंस रं?" आणि हा गडी खरंच विचारात पडायचा.

बाळासो माझा धाकटा चुलतभाऊ. मी शिरूर डेपोला कंडक्टर होतो. आता रिटायर होऊन घरच्यांच्या डोक्याला ताप देतो. कंडक्टरला एक सवय लागते, तिकीट न काढलेला माणूस त्याला चेहऱ्यावरून कळतो. बाळासोचा चेहरा जन्मापासून बिनतिकिटाचा. पोराच्या लग्नात आमटीला मीठ कमी पडलं तर आचारी निवांत तंबाखू मळत बसला होता आणि हा मात्र पंगतीतून हात जोडत फिरत होता. असल्या माणसाच्या पोटात मोठी गोष्ट राहणारच नाही, असं मी छातीठोकपणे सांगत आलो. माझा अंदाज साफ चुकला, आणि त्याचा राग मला अजून आहे.

कालव्याच्या पाण्यावर त्याचा थोडा ऊस, थोडा कांदा. तेवढ्यावर घर चालत नाही म्हणून तो कित्येक वर्षं सणसवाडीच्या एका कारखान्यात जातो. तळेगाव ढमढेऱ्यापर्यंत मोटरसायकल, पुढं कंपनीची बस. आधी पॅकिंगला होता. मग कंपनीनं नवा विभाग काढला आणि याला तिकडं टाकलं. तिथं नायोबियम नावाच्या धातूचं काम. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती ॲसिडिटीची गोळी वाटली. पोलादात हा धातू चिमूटभर टाकला तरी पोलाद चिवट होतं म्हणे. पुलांना, पाइपलाइनला, गाड्यांच्या सांगाड्यांना तसलं पोलाद लागतं.

या धातूचं खनिज परदेशातून निळ्या ड्रममधून येई. काळी, जड खडी. त्यातले पांढरे फालतू खडे हातानं वेचून काढायचे, हे बाळासोचं काम. मग ती खडी दळायची, तिच्यात लोखंड आणि ॲल्युमिनियमची पूड मिसळून मोठ्या हंड्यात भरायची आणि लांबून पेटवायची. ना वीज, ना कोळसा. एकदा पेटली की आपल्याच तापानं सगळं वितळून जातं. "तात्या, भर दुपारी दिवाळी असती," असं तो मला कौतुकानं सांगायचा.

एकदा वेचताना त्याला त्या खडीत लिंबाएवढा एक खडा सापडला. काळपट तपकिरी, आठ बाजूंचा, वर टोक, खाली टोक, मधे चौकोनी कंबर. जणू दोन देवळांची शिखरं बुडाशी बूड लावून चिकटवली होती. कुणी घासलेला नाही, तासलेला नाही, जमिनीतूनच असा निघालेला. आणि आकाराच्या मानानं भलताच जड. बाळासोनं तो खिशात टाकला, खिशातून जेवणाच्या डब्यात टाकला आणि घरी आणला. चोरी म्हणाल तर चोरीच. त्याच्या हिशेबानं ती चोरी नव्हती. सापडलेल्या वस्तूवर जीव बसायची त्याला लहानपणापासून खोड, त्याच्या घरात फुटक्या बेअरिंगच्या गोळ्यांची एक बरणीच भरलेली आहे.

त्याच सुमाराला त्याची सून सुलक्षणा पाटसहून बाळंतपण उरकून परत आली. पहिली बेटी, नाव प्रांजल. मधल्या खोलीत पाळणा बांधला. आमच्याकडं तान्ह्या लेकराच्या उशाला लोखंड ठेवतात. विळा, अडकित्ता, नाहीतर नुसता खिळा, पण लोखंड पाहिजे. त्यानं बाहेरचं काही जवळ येत नाही म्हणतात. बाळासोची बायको सोजराबाई विळा शोधायला लागली, तर विळा उसाच्या फडात राहिलेला. बाळासो म्हणाला, "इळ्याचं काय घिऊन बसली? माझ्यापाशी लई भारी लोखंड हाय. कंपनीतलं." त्यानं तो खडा लाल खणाच्या तुकड्यात गुंडाळला आणि पाळण्यातल्या गोधडीखाली, बरोबर नातीच्या डोक्यापाशी ठेवला.

सुलक्षणानं विचारलं, "मामा, काय हाय त्यात?"

"पोलादाचा बाप हाय, पोरी," तो म्हणाला. नातीसाठी काहीतरी जगावेगळं केल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

दीडेक महिना तो खडा तिथं होता. मग कंपनीत ट्रेनिंग झालं. सायली नावाची पोरगी तिथं लॅबमध्ये केमिस्ट आहे, तिनं नव्या विभागातल्या सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं. ही पोरगी सणसवाडीतच भाड्याच्या खोलीत राहायची, त्यामुळं तिनं समजावलंही तसंच.

"हे खनिज म्हणजे एकटं एक नाही, अख्खं कूळ आहे. पायरोक्लोरचं कूळ," ती म्हणाली. "मधे नायोबियमचा एक अणू. त्याच्याभोवती ऑक्सिजनचे सहा. वर एक, खाली एक, चार दिशांना चार. झाला आठ बाजूंचा एक डबा. असे डबे कोपऱ्याला कोपरा लावून रचत गेलं की मधे मधे रिकाम्या खोल्या तयार होतात. आपल्या सणसवाडीच्या चाळीसारख्या. भिंती नायोबियमच्या, आणि खोल्यांत भाडेकरू. कुठं कॅल्शियम, कुठं सोडियम. भाडेकरू बदलला की खनिजाचं आडनाव बदलतं, चाळ तीच."

बाळासोला हे फार आवडलं. घरी जाऊन सांगायचं म्हणून तो मनात घोकायला लागला. तेवढ्यात सायली पुढं म्हणाली, "पण काही खोल्यांत युरेनियम आणि थोरियम राहायला येतात. हे भाडेकरू गप बसत नाहीत. आतल्या आत किरणं मारत राहतात. लाखो वर्षांत सगळ्या भिंती मोडून टाकतात. बाहेरून बघाल तर खडा जसाच्या तसा, आठही बाजू शाबूत, आणि आत रचना म्हणून काही शिल्लक नसते. त्यामुळं हातमोजे घालायचे, मास्क लावायचा, आणि यातला कणसुद्धा घरी न्यायचा नाही. लहान लेकरांच्या जवळ तर बिलकूल नाही. पुढच्या आठवड्यात गेटवर मशीन बसतंय."

बाळासो त्या दिवशी जेवला नाही.  घरी आला, चप्पल न काढता मधल्या खोलीत गेला, झोपलेल्या पोरीच्या डोक्याखाली हात घालून ते लाल पुडकं काढलं आणि त्या जागी ट्रॅक्टरचा एक नट सरकवला. कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं.

आता खडा ठेवायचा कुठं? आधी गोठ्यात ठेवला, मग म्हशीची काळजी वाटली. उसात पुरला, मग वाटलं टोळीवाले ऊस तोडायला येतील, त्यांची पोरं तिथंच खेळतात. विहिरीत टाकावा तर पाणी सगळी वस्ती पिते. कंपनीत परत न्यावा तर गेटवर मशीन, मशीन ओरडणार, नोकरी जाणार. शेवटी मोटरीच्या खोलीत, जुन्या स्टार्टरच्या पेटीत तो कोंबला आणि वरून कुलूप लावलं. या धावपळीत एक सोपी गोष्ट त्याला सुचली नाही, ती म्हणजे घरात चार माणसांत तोंड उघडणं.

त्याच आठवड्यात प्रांजलला जुलाब झाले. तान्ह्या लेकराला जुलाब होतात, आम्हा सगळ्यांना झाले असतील. पण सोजराबाई म्हणजे निदान करणारी बाई. तिनं सुलक्षणाला खाली-वर न्याहाळलं आणि निकाल दिला, "हिचं दूध बाधतंय."

सुलक्षणा म्हणाली, "आत्या, पाटसला तर पोरगी बरी हुती की."

"तिकडं तुज्या आईनं खायला-प्यायला काय घातलं, कुणास ठावं. थांब, दावते."

वाटीत दूध काढायला लावलं आणि त्यात एक मुंगी सोडली. मुंगी थोडी वळवळली आणि मेली. आता मुंगी चहात टाका, ताकात टाका, देवाच्या तीर्थात टाका, ती मरणारच. पण आमच्याकडं ही परीक्षा आहे. मुंगी मेली म्हणजे दूध वाईट. सोजराबाईनं वाटी सुलक्षणाच्या नाकासमोर धरली. "बघ. पोरीला हे पाजत हुतीस."

बाळासो तिथंच होता. भिंतीला टेकून, ताटावर बसलेला. त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं की जुलाब दगडानं झालेत. दुधाचा काही संबंध नाही, हे त्या घरात त्याला एकट्यालाच, निदान त्याच्या समजुतीप्रमाणं, माहीत होतं. सुलक्षणानं एकदा त्याच्याकडं बघितलं. सासू बोलते तेव्हा सासरा मधे पडेल, एवढीच तिची अपेक्षा. नवरा रविराज उसाच्या ट्रॅक्टरवर, त्याचा पायच घरात नाही. बाळासोनं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि खाल्ला.

दूध बंद झालं. सुलक्षणाच्या छातीवर फडकं आवळून बांधलं, मोगऱ्याची फुलं आणून बांधली, दूध आटवलं. आटेपर्यंत त्या पोरीला ताप होता. ती मोरीत जाऊन, नळ सोडून रडायची. नळाच्या आवाजातून बाळासोला रडणं ऐकू यायचं. प्रांजलला म्हशीचं दूध सुरू झालं. घरची म्हैस, घट्ट दूध, सोजराबाईला त्याचा कोण अभिमान. योगायोगानं जुलाब थांबले. सोजराबाई गावभर सांगत सुटली, "बघा, मी म्हनलं नव्हतं?"

बाळासोनं मनात हिशेब मांडला की दगड काढला म्हणून जुलाब थांबले. म्हणजे पाप आपलंच होतं. आणि ते आता सुनेच्या नावावर जमा झालं.

मग त्यानं जे केलं ते ऐकून मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती. त्यानं सुनेला खायला आणायला सुरुवात केली. शिरूरच्या बाजारातून डाळिंबं, सीताफळं, कधी गुलाबजाम. दिवाळीला सोजराबाईच्या आधी तिला साडी घेतली. सुलक्षणा भोळी. माहेरी जाऊन सांगायची, "सासू कडक हाय, पन मामा म्हंजी देवमाणूस." हे शब्द व्याह्यांच्या तोंडून परत बाळासोच्या कानावर यायचे. व्याही पाटसच्या चौकात त्याला मिठी मारून म्हणाले, "माझी लेक तुमच्यामुळं नांदती." बाळासोनं तिथल्या तिथं चक्कर आल्याचं सोंग केलं. सोंग कसलं, आलीच असेल.

वरीस उलटलं. प्रांजल पांढरी पडायला लागली. आधी आम्ही म्हणायचो, पोरगी गोरी होतेय. मग तिचे ओठ, हाताचे तळवे, नखं, सगळं फिकट. उभी राहायच्या वयात बसून राहायची. किरकिर करायची. कुणाचं लक्ष नसलं की भिंतीचा पोपडा काढून खायची, अंगणातली माती खायची. सोजराबाईनं तिच्या बोटांना कडुलिंब लावून बघितला. आणि तोंडाचा पट्टा तोच, "पहिल्याच महिन्यांत इख पोटात गेलंय पोरीच्या. आता कुठनं अंग धरंल?" विष म्हणजे सुलक्षणाचं दूध. एवढं झाल्यावर सुलक्षणालाही ते खरं वाटायला लागलं होतं. ती पोरीला जवळ घेताना छातीवर पदर दुहेरी करून घ्यायची, एवढं त्या घरानं तिला शिकवलं होतं.

बाळासो मात्र रोज मनात एकच चित्र बघत होता. बाहेरून पोरगी दिसायला धड, आणि आत भिंती पडतायत. तो नातीला उचलून घेईना. आपल्या अंगालाही ते काही लागलं असेल, अशी त्याला भीती. सोजराबाई म्हणायची, "नात पायजे नव्हती, नातू पायजे हुता याला." तो तेही ऐकून घ्यायचा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, रविराज एकदा म्हणाला, "शिरूरला डॉक्टरला दावून आणू," तेव्हा हाच मधे पडला. "दात येत असत्याल. हुईल बरी." डॉक्टर रक्त तपासणार, रक्तात किरणं सापडणार, मग विचारणार, कुठनं आली? या भीतीपोटी त्यानं पोरीला डॉक्टरपासून लांब ठेवलं. नंतर हे सांगताना तो माझ्यासमोर ढसाढसा रडला. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

शेवटी प्रांजल एकदा पाळण्याच्या दोरीला धरून उभी राहायला गेली आणि मान टाकून खाली बसली. नुसती बसली, रडलीही नाही. बाळासोनं ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सायलीसमोर जाऊन उभा राहिला. सगळं सांगितलं. सायलीनं आधी त्याला असा झाडला की बाजूच्या टेबलावरची माणसं उठून गेली. मग म्हणाली, "उद्या तो खडा घेऊन या. गेटवर मी उभी राहते."

दुसऱ्या दिवशी तिनं लॅबमध्ये खडा ठेवला, जवळ मोजायचं यंत्र धरलं. यंत्र कट-कट करायला लागलं. बाळासोनं डोळे मिटले. सायलीनं यंत्र वीतभर मागं घेतलं, हातभर मागं घेतलं, आकडे बघितले, किती दिवस होता, किती जवळ होता, मधे गोधडी केवढी जाड होती, सगळं विचारलं. मग खुर्चीत बसली.

"काका, यात युरेनियम आहे, पण फार थोडं. लेकराच्या उशाला ठेवायची वस्तू नव्हती ती, हे आधी डोक्यात घ्या. पण दीड महिन्यात एवढ्यानं पोरगी अशी पांढरी पडत नाही. जुलाब तर मुळीच होत नाहीत. दुसरं काहीतरी आहे. डॉक्टर काय म्हणाले?"

बाळासो उठून दाराकडं वळला. सायलीला कळलं. "दाखवलंच नाही?" असं तिनं विचारलं तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. खडा तिनं ठेवून घेतला आणि मॅनेजरला काय सांगायचं ते मी सांगते म्हणाली. "तुम्ही आधी घरी जा."

त्याच संध्याकाळी तो माझ्या दारात आला. मला सगळं सांगितलं आणि म्हणाला, "तात्या, गाडी काढ." माझी एक जुनी ओम्नी आहे, शेळ्या सोडून सगळ्यांना नेऊन झालंय तिच्यातनं. सकाळी आम्ही शिरूरला निघालो. सुलक्षणा पोरीला घेऊन मागं, शेजारी सोजराबाई, पुढं माझ्या बाजूला बाळासो.

लेकरांची डॉक्टरीणबाई तरुण होती, पण बोलायला फटकळ. तिनं प्रांजलची खालची पापणी ओढून बघितली आणि तिथंच तोंड वाकडं केलं. रक्त तपासायला पाठवलं. कागद आल्यावर म्हणाली, "रक्त निम्म्यावर आलंय. लोह नाही अंगात. माती खाते ती त्यामुळंच. खायला काय देता?"

"दूध," सोजराबाई ताठ होऊन म्हणाली. "घरच्या म्हशीचं. लई पिती."

"आणि?"

"दूधच. भाकरी-बिकरी तोंडात घेत न्हाई ती."

"दुधानं पोट भरल्यावर कशी घेईल? म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि बाकीच्या खाण्यातलं लोहही ते अंगाला लागू देत नाही. अंगावरचं कधी तोडलं?"

सुलक्षणानं खाली बघत सांगितलं, "पाच महिन्यांची हुती."

"एवढ्या लवकर? का?"

"बाधत हुतं," सोजराबाई म्हणाली. "मुंगी सोडून बघितली की आम्ही."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. "आईचं दूध बाधत नसतं, आजी. हिचं दूध चालू ठेवून सहाव्या महिन्यापासून वरचं खायला घातलं असतं, तर ही वेळ आली नसती. हिनं दूध पाजलं म्हणून पोरगी आजारी नाही. हिला पाजू दिलं नाही म्हणून आहे." औषधाचे थेंब लिहून दिले, पालेभाजी, डाळ, नाचणी काय काय सांगितलं, आणि म्हणाली, "होईल बरी. वेळेत आणलीत असं मी म्हणणार नाही, पण होईल."

सुलक्षणा रडली नाही. तिनं फक्त पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

परतीच्या वाटेवर न्हावरा फाटा मागं पडला. सोजराबाई खिडकीबाहेर बघत होती. मी बाळासोकडं पाहिलं आणि माझं डोकं तडकलं, कारण त्याच्या तोंडावर सुटकेचा आनंद होता. वर्षानुवर्षं बिनतिकीट फिरलेल्या माणसाला शेवटच्या स्टॉपवर कळावं की आज तपासनीस सुट्टीवर आहे, तसा तो दिसत होता. मग तो मागं वळला आणि बोलायला लागला. खडा, खण, पाळणा, चाळीच्या खोल्या, स्टार्टरची पेटी, सायलीचं यंत्र, सगळं. शेवटी हात जोडून म्हणाला, "पोरी, मला वाटलं माज्या दगडानं झालं. पन सायली म्याडम म्हनल्या, दगडानं काय बी झालं न्हाई. डॉक्टरीण बी तेच म्हनली. देवानं वाचवलं. मला माफ कर."

सोजराबाई खिडकी सोडून त्याच्याकडं बघायला लागली. सुलक्षणानं सगळं ऐकून घेतलं. प्रांजल तिच्या मांडीवर झोपली होती.

"मामा," ती म्हणाली, "आत्यांनी वाटीत मुंगी सोडली, तवा तुम्हाला ठावं हुतं, दूध वाईट न्हाई म्हून?"

"तवा मला वाटत हुतं, दगड..."

"ठावं हुतं का न्हाई?"

"व्हय."

"आन् तुम्ही जेवत बसला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी वरीसभर लेकीला छातीशी धरायला भ्याले. आज दगडाचा दोष न्हाई कळलं, तवा तुम्ही बोलला. दगडाचा दोष निघाला असता, तर बोलला असता का, मामा?"

बाळासो पुन्हा पुढं तोंड करून बसला. मी गिअर बदलला, कारण मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

त्याला आता सात-आठ महिने झाले. थेंबांनी आणि नाचणीनं प्रांजलला रंग आला, ती चालते, पळते, माझ्या ओम्नीचा हॉर्न वाजवते. सोजराबाई घरात पहिल्याइतकी बोलत नाही. कंपनीनं बाळासोला तंबी दिली आणि परत पॅकिंगला पाठवलं. सुलक्षणा त्याला मामा म्हणते, वेळेवर जेवायला वाढते, चहा देते. त्यानं आणलेली फळं मात्र ती तशीच टोपलीत ठेवते. भांडण नाही, काही नाही. तो प्रश्नही तिनं परत विचारला नाही.

परवा बाळासो माझ्याकडं येऊन ओट्यावर बसला.  मग म्हणाला, "तात्या, न्हाई, बोललो नसतो. दगडाचा दोष निघाला असता, तर मी मरूस्तवर बोललो नसतो."

मी म्हणालो, "मग मला काय सांगतोस? तिला जाऊन सांग."

"रोज जातो रं सांगायला," तो म्हणाला. "मी दारात दिसलो की ती चहा ठेवती. मी चहा पितो आन् माघारी येतो."